नुसतं ‘मशीनवर कातलेलं’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नक्षीदार लाकडी भांड्यांवर लेख आला होता. सोबत अर्धं पान व्यापणारा फोटो होता: तीन पायांचं, बाहेरून पाकळ्या कोरलेलं एक भांडं. फोटो सुरेख आणि लेखही मनापासून लिहिलेला. पण फोटोखाली छापलं होतं, ‘मशीनवर कातून घेतलेल्या भांड्याला कलाकाराने हाताने कोरलेले पाय’. हे मी दोनदा वाचलं, मग बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बरोबरच आहे की!’ म्हणून हे पत्र.

तिचं म्हणणं पुढे येईलच. आधी मी कोण ते सांगतो. २८ वर्षं कारखान्यात टर्नर होतो. लेथ नावाच्या यंत्रावर वस्तू फिरत ठेवून हत्याराने तिला गोल आकार द्यायचा, याला आम्ही कातणं म्हणतो. लोखंड, पितळ, गनमेटल कातलं. निवृत्त झाल्यावर लाकडाचं लेथ घेतलं, त्यालाही आता ११ वर्षं झाली. घरात मी कातायचं आणि हिने कोरायचं अशी वाटणी आहे. त्यामुळे ‘मशीनवर कातून घेणं’ म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे, आणि फोटोतलं भांडं त्यातलं नाही हेही.

कारखान्यातल्या लेथवर हत्यार टूलपोस्टमध्ये, म्हणजे यंत्रालाच जोडलेल्या पकडीत, आवळलेलं असतं. चाक फिरवलं की ते सरकतं आणि किती सरकलं ते चाकावरच्या खुणांवरून कळतं. एकदा माप लागलं की पहिला नग आणि शंभरावा नग सारखाच. माझा हात थरथरला तरी हत्याराला त्याचा पत्ता नसायचा. लाकडाच्या लेथवर हे टूलपोस्टच नाही. समोर एक आडवी लोखंडी पट्टी असते, तिला टूलरेस्ट म्हणतात. तिच्यावर पटाशी फक्त टेकवायची. पुढचं सगळं दोन हातांवर, आणि खरं सांगायचं तर कमरेवर. कारण वळण घ्यायचं ते मनगटाने नाही, अख्ख्या अंगाने.

पहिल्या आठवड्यात मी ‘आपल्याला काय, लेथच ते’ अशा तोऱ्यात उभा राहिलो आणि लोखंडात घालतात तशी गोल पटाशी सरळ लाकडात घातली. ती घुसली, हिसका बसला, ओंडका चकमधून, म्हणजे त्याला धरून फिरवणाऱ्या जबड्यांतून, निसटला आणि तोंडावरच्या प्लास्टिकच्या ढालीवर आदळून मागे पडला. ढालीला तडा गेला, मला काही झालं नाही. त्यानंतर शिकलो की धारेमागची उतरती बाजू आधी लाकडावर नुसती घासू द्यायची. काहीच कापलं जात नाही. मग मूठ हळूच उचलत जायची. एका क्षणी धार लागते, आवाज खरखर सोडून सळसळीवर येतो आणि पटाशीच्या खोबणीतून ओल्या लाकडाची लांब फीत सुटते. तो क्षण चाकावर कुठेही लिहिलेला नसतो.

थोडे आकडे देतो, जुनी सवय. १० इंच व्यासाचं भांडं मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर त्याचा काठ ताशी ४० किलोमीटरहून जास्त वेगाने हातासमोरून जातो. भांडं फळीसारखं आडव्या तंतूंचं असेल, आणि बहुतेक पसरट भांडी तशीच असतात, तर एका फेऱ्यात पटाशीला दोनदा तंतूंची कड भेटते आणि दोनदा त्यांची तुटकी टोकं. म्हणजे सेकंदाला ३० वेळा टोकं. म्हणून बाहेरून कापताना पायाकडून काठाकडे जायचं आणि आतून काठाकडून तळाकडे. म्हणजे कापल्या जाणाऱ्या प्रत्येक तंतूला खालच्या तंतूचा आधार मिळतो. उलट गेलात की समोरासमोर दोन ठिकाणी लाकूड उपटलं जातं, आणि ते खडबडीत डाग पॉलिश पेपरने घालवायला बसलात तर रात्र होते. सागाचा आणखी एक खोडसाळपणा: वागायला मऊ, पण त्यात सिलिका असते, ती धार खाते. सागाचं एक भांडं म्हणजे पाच-सहा वेळा पटाशी ग्राइंडरवर न्यायची.

हे ‘मशीनने केलं’ म्हणायचं असेल तर सतार तारांनी वाजवली असंही म्हणावं लागेल. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात, इ.स.पू. ३०० च्या सुमारास कोरलेलं एक भित्तिचित्र आहे. त्यात दोन माणसं लेथवर काम करताना दिसतात: एक पट्टा ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. माझ्याकडे पट्टा ओढणाऱ्याच्या जागी मोटर आहे, एवढाच फरक. हत्यार धरणारा अजून तिथेच आहे.

या वादात माझ्या बाजूने एक भला माणूस आहे आणि त्याचं आडनाव, योगायोग बघा, पाय. डेव्हिड पाय लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर डिझाइनचे प्राध्यापक होते. १९६८ मध्ये त्यांनी मांडलं की ‘हाताने की यंत्राने’ हा प्रश्नच फसवा आहे. विचारायचं ते असं: काम चालू असताना ते बिघडण्याचा धोका शेवटच्या क्षणापर्यंत आहे का, की निकाल आधीच ठरून गेला आहे? पहिली ती जोखमीची कारागिरी, दुसरी खात्रीची. हे गृहस्थ स्वतः लाकडी भांडी करत आणि त्यांच्या आत पन्हळी कोरायला त्यांनी एक खास उपकरणही बनवलं होतं. यंत्राचं त्यांना वावडं नव्हतं. कारखान्यात मी खात्रीचं काम केलं, आता जोखमीचं करतो. यंत्राचं नाव दोन्हीकडे लेथच.

आता पायांकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

आपल्या फोटोओळीवरून वाटतं की भांडं आधी तयार झालं आणि मग त्याला पाय कोरले. तसं होत नाही. भांड्याच्या बाहेरची बाजू कातताना तळाशी एक जाड कडं राखावं लागतं, सुमारे इंचभर उंच आणि पाऊण इंच रुंद. पोटाची वक्ररेषा काठापासून येते, या कड्यापाशी अडते आणि कड्याच्या आत पुन्हा सुरू होते. मधला तुकडा दिसत नाही, तो मनात काढायचा असतो. कड्याच्या आतला भाग असा कातायचा की बाहेरची रेषा कड्याच्या पोटातून गेली असती तर जिथे निघाली असती, बरोबर तिथेच ती आत निघावी. मग भांडं उलटं करून लावायचं, चकचे जबडे त्याच कड्याला धरतात आणि आतली पोकळी कातली जाते. हे सगळं संपल्यावर कोरणारी येते. तीन ठिकाणचं कडं ठेवते आणि मधलं काढून टाकते. जे उरतात ते पाय. मधलं लाकूड गेल्यावर जो भाग उघडा पडतो तो पोटाच्या वक्ररेषेत बेमालूम मिसळला, तर मी नीट कातलं. माझी आतली रेषा २ मिलिमीटर वर गेली असेल तर तिच्यासाठी दोनच वाटा उरतात: तिथे उंचवटा ठेवायचा, नाहीतर खणत खणत तळ फोडायचा. म्हणजे पाय कोरले तिने, पण ते कुठे असणार हे आठ-पंधरा दिवस आधीच लेथवर ठरलेलं असतं.

तळ फोडण्याचा मान मात्र माझ्याकडे आहे. पहिल्याच तीन-पायी भांड्याच्या वेळी बाहेरून उंची मोजली, ४ इंच. मनात हिशेब केला की आत साडेतीन इंच गेलो तरी अर्धा इंच तळ उरेल. पायांमधली पाऊण इंच पोकळी त्यात धरलीच नव्हती. शेवटी शेवटी कापण्याचा आवाज पातळ होत गेला, टिमकीसारखा. २८ वर्षांचा टर्नर, आवाज बदलला की थांबावं हे कळायला हवं होतं. ‘अजून एक हात’ म्हणून पटाशी फिरवली आणि मधोमध रुपयाएवढा उजेड दिसला. हिने ते भांडं टाकू दिलं नाही. अजून फळीवर आहे. कोणी विचारलं तर ती म्हणते, ‘ह्यांनी केलेलं नरसाळं.’

तीन पायच का, हेही लेखात निसटलं आहे. ‘शोभेसाठी’ एवढंच लिहिलंय. लाकूड आयुष्यभर हलतं. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, आणि तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही. तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाहीच. आडवं मात्र भरपूर, त्यातही वर्षवलयांच्या कडेने जेवढं आक्रसतं ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसण्याच्या साधारण दुप्पट. चार पाय असले की कधी ना कधी एक पाय अधांतरी होतो आणि भांडं डुगडुगतं. तीन पाय कसेही हलले तरी टेकतात. पण तीनच पायांची किंमत मोजावी लागते. पाय मध्यापासून २ इंचांवर असतील, तर दोन पायांच्या मधल्या बाजूला आधार मध्यापासून १ इंचावरच संपतो. चार पायांना तो साधारण १.४ इंचांपर्यंत असतो आणि अखंड कड्याला पूर्ण २ इंच. म्हणून तीन पाय करायचे तर कडं थोडं मोठं राखायचं, नाहीतर काठावर बोट टेकलं तरी भांडं कलंडतं. आमच्या लेथच्या मागच्या चाकाला २४ भोकं आहेत. त्यात खिळा अडकवून दर आठव्या भोकाला एक रेघ मारायची, की पायांच्या जागा मिळाल्या.

लेखातलं दुसरं वाक्यही मला खटकलं: ‘अस्सल भांडं एकाच ओंडक्यातून घडतं, जोडलेला पाय म्हणजे तडजोड.’ बुटक्या पायांना हे चालेल. पण उंच दांड्यावरचं पसरट भांडं घ्या. पसरट भागाला तंतू आडवे हवेत आणि दांड्याला उभे. आडव्या तंतूंच्या लाकडातून बोटभर जाडीचा दांडा काढला तर तो बिस्किटासारखा तुटतो. अख्खं भांडं उभ्या तंतूंतून काढलं तर तळाशी तंतूंची टोकं येतात, आणि मधून ओंडक्याचा गाभा जात असेल तर वाळताना तो हमखास चिरतो. म्हणून जाणकार दांडा उभ्या तंतूंचा वेगळा कातून त्याला कुसू, म्हणजे भोकात घट्ट बसेल असं टोक, काढतात आणि भांड्याखालच्या भोकात तो बसवतात. ही तडजोड नव्हे, लाकडाचं ऐकणं आहे. मध्ययुगीन युरोपातल्या मॅपलच्या काही पेल्यांना तर चांदीचे पाय जोडलेले आहेत आणि असे पेले म्युझियममध्ये मानाने ठेवलेत.

मी हे हट्टाने एकदा केलं होतं. एकसंध, उंच दांड्याचं, आडव्या तंतूंचं. कातून झालं, पॉलिशही झालं. दोन दिवसांनी कपाटातून काढताना वरचा भाग माझ्या हातात आला आणि बैठक कपाटातच राहिली.

ओल्या लाकडाचंही तसंच. ताज्या ओंडक्यातून भांडं एका बैठकीत पूर्ण करता येत नाही, करायचं असेल तर ते वेडंवाकडं होणार हे मान्य करून करावं. रीत अशी की आधी ओबडधोबड कातायचं आणि भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी जाड ठेवायची, म्हणजे १० इंचांना १ इंच. मग तंतूंच्या टोकांना मेण लावून सावलीत ठेवायचं. मी दर रविवारी वजन करून तळावर पेन्सिलीने लिहितो. लागोपाठ तीन रविवार आकडा हलला नाही की लाकूड तयार. कधी चार महिने लागतात, कधी सहा. तोवर काठ लंबगोल झालेला असतो. एका भांड्याला मी अर्ध्या इंचाचा फरक मोजलाय. ती वाढीव जाडी ठेवलेली असते ती याचसाठी, की त्या लंबगोलातून पुन्हा गोल काढता यावा. आपल्या लेखात हा सगळा काळ ‘लाकूड वाळवून घेतात’ या तीन शब्दांत संपला.

आता बायकोची बाजू, नाहीतर हे पत्र पोस्टात पडणार नाही. ती म्हणते, ‘तुमच्या लेथला गोल सोडून काय येतं? जिथे गोल थांबतं तिथून माझं काम सुरू होतं.’ याला उत्तर नाही. लेथ गोलच देतं. पाकळी, पायाचा बाक, दोन पायांमधली कमान, यांतलं काहीही फिरवून मिळत नाही. तिला काम करताना पाहणं हा माझा आवडता उद्योग आहे. भांडं जुन्या उशीवर पालथं असतं. डावा अंगठा पटाशीच्या पात्यावर ब्रेकसारखा आणि उजव्या तळव्याने नुसता दाब. पायाच्या बाहेरच्या बाकावर ती वरून खाली येते, अर्ध्यावर थांबते, भांडं फिरवते आणि उरलेलं उलट बाजूने कापते, कारण तिथे तंतूंची दिशा बदललेली असते. तिला ती दिसते कशी, हे विचारलं तर म्हणते, ‘दिसत नाही, पटाशीखाली लाकूड करकरलं की कळतं.’ कानाचंच काम. टिमकीच्या वेळी तिचा कान माझ्याकडे असता तर!

आमचं भांडण होतं ते पॉलिश पेपरवरून. फिरत्या भांड्यावर १२० नंबरपासून ४०० पर्यंत पेपर मारून ते लखलखीत करून तिला द्यावं अशी माझी हौस. ती हातच लावू देत नाही. पेपरचे खडे लाकडात रुततात आणि तिच्या पटाशीची धार दोन घावांत जाते. म्हणून जिथे कोरायचं तिथे फक्त पटाशीची सफाई, पेपर नंतर आणि तोही हातानेच. पाय कोरून झाल्यावर भांडं लेथवर लावून पेपर मारायचा मोह मला एकदा झाला होता. फिरणारे तीन पाय पंख्याच्या पात्यांसारखे असतात. बोटांचं नशीब, पेपरच हिसकला गेला. एका पायाची कड मात्र गेली. चपडा, म्हणजे पापुद्र्यांची लाख, स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिशही गोल भागावर लेथ फिरवत सुंदर बसतं, पण कोरलेल्या खाचांत साचून काकवीसारखं दिसतं. तिथे पातळ हात, मऊ ब्रश आणि शेवटी थोडं मेण.

तर माझी विनंती एवढीच, की अशा भांड्याखाली ‘कातकाम’ आणि ‘कोरीव काम’ अशी दोन्ही नावं छापावीत. एकानेच दोन्ही केलं असेल तर एकच नाव, पण तसं सांगून. आणि पुढच्या वेळी छायाचित्रकाराला भांडं पालथं घालून एक फोटो काढायला सांगा. कातणाऱ्याने किती काळजी घेतली ते पायांच्या मधल्या त्या टीचभर जागेत दिसतं. आम्ही आमची अक्षरंही तिथेच कोरतो, दोघांची. जागा अपुरी पडते म्हणून माझं अक्षर जरा बारीक.

आपला,
एक निवृत्त टर्नर

ता. क. एक गोष्ट मात्र लगेच दुरुस्त करा, त्यासाठी पुढच्या रविवारची वाट बघू नका. लेखाशेजारच्या चौकटीत ‘जवसाचे तेल लावून झाल्यावर चिंधी गुंडाळून डब्यात जपून ठेवावी’ असं छापलंय. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं आणि वाळताना तापतं. गुंडाळलेल्या चिंधीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ती चिंधी काडी न लावता पेटू शकते. ती उघड्यावर, दोरीवर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवायची, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवायची. आमच्याकडे सध्या दोरीवर तीन आहेत.